माझा रकाना लालच राहू द्या

आमचं काम आता रंगांत मोजलं जातं. मृतदेह शवागारात आला की संगणकात एक घड्याळ सुरू होतं आणि तो नातेवाइकांच्या ताब्यात गेला की थांबतं. दुसरं घड्याळ अहवालाचं. वेळेत झालं तर रकाना हिरवा, रेंगाळलं तर पिवळा आणि त्याहून उशीर झाला की लाल. महिन्यातून एकदा आढावा बैठक होते, भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांचे रकाने झळकतात आणि लाल रकानेवाल्याला चारचौघांत उभं करतात. मी पन्नाशी ओलांडलेली डॉक्टर आहे. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात शवविच्छेदनं करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. या बैठकीत मला जितक्या वेळा उभं केलंय, तितक्या वेळा शाळेतल्या मास्तरांनीही केलं नव्हतं.

मोजण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. शवागाराबाहेरच्या लिंबाखाली दिवसदिवस ताटकळलेली माणसं मी पाहिली आहेत. विष्णुपुरी धरणाच्या पाण्यातून काढलेल्या पोराची आई डॉक्टर येईना म्हणून संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट न घेता बसून होती आणि डॉक्टर कुठंतरी लग्नात जेवत होता. त्या डॉक्टरला घड्याळ लावायलाच हवं होतं. माझं भांडण एवढंच आहे की घड्याळ वेळ मोजतं आणि मार्क मात्र कामाला देतात. चुकीचं मत वेळेत दिलं तर रकाना हिरवा. बरोबर मत उशिरा दिलं तर लाल. चुकीसाठी त्यांच्याकडे रंगच नाही.

आमच्या विभागात कोकणातून आलेला एक तरुण डॉक्टर आहे. हुशार, हाताचा चपळ आणि त्याचा रकाना कायम हिरवागार. बैठकीत त्याचं उदाहरण देतात. मी त्याला चिडवते, म्हणते, तू गेल्या जन्मी एसटीचा कंट्रोलर असशील. तो हसतो. चांगला मुलगा आहे, उगाच त्याला वाईट म्हणणार नाही.

त्या दिवशी सकाळी ड्यूटी त्याची होती. लोह्याकडून एक मयत आली. मी दारातच होते म्हणून मला ती उतरवताना दिसली. पिकअपच्या मागच्या बाजूला एक साठीची बाई मांडी घालून बसलेली, अंगाला शाल, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात झेंडूचे हार. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलेलं. म्हातारीला दवाखान्यात दाखवायला आणलंय असंच कुणालाही वाटलं असतं. तिला टेबलावर ठेवलं तरी ती बसलेलीच राहिली.

आम्ही लिंगायत माणूस गेल्यावर त्याला बसवतो आणि बसलेल्या स्थितीतच समाधी देतो. हे मराठवाड्यात कुणाला नवं नाही, पोलिसांनाही माहीत असतं. पण बसवल्यावर त्या शरीराचं काय होतं, रक्त कुठं जातं, मानेवर काय उमटतं, हे बघायची वेळ सहसा कुणावर येत नाही. घरच्या मरणाचं शवविच्छेदन कोण करतं?

या बाईचं करायची वेळ आली, कारण तिच्या भावानं खुनाचा आरोप केला होता. हकिगत अशी. घर कापडदुकानवाल्यांचं. मुलगा माल आणायला लातूरला गेलेला, घरात सासू आणि सून दोघीच. दुपारी जेवण झाल्यावर सासू छातीला हात लावून आडवी झाली ती उठलीच नाही, असं सुनेचं म्हणणं. शेजारपाजारचे आले तेव्हा सुनेनं तिला भिंतीला टेकवून बसवलेलं होतं. लातूरहून मुलगा आला, विधी करणारे जंगम आले, रात्रभर भजन झालं. सकाळी समाधीला न्यायच्या आधी हिमायतनगरकडून भाऊ आला. बहिणीला हार घालायला वाकला, शाल आणि तिच्याखाली गळ्याशी बांधलेलं कापड सरकलं आणि त्याला तिच्या गळ्यावर वळ दिसला. तपकिरी, बोटभर रुंद, कानांकडे चढत गेलेला. त्यानं तिथंच आरडाओरडा केला. माझ्या बहिणीला सुनेनं गळा आवळून मारलं आणि लपवायला घाईघाईनं बसवून टाकलं, असं तो म्हणाला. दोघींचं पटत नव्हतं, हे गल्लीला ठाऊक होतं. मग पोलीस आले.

मी हात धुऊन आत गेले तेव्हा आमच्या हिरव्या रकान्याचं बाहेरून तपासून झालं होतं.

"मॅडम, पुस्तकातलं चित्र आहे," तो म्हणाला. "गळ्यावर वळ. रक्त सगळं खाली उतरलेलं, पाय आणि हाताचे पंजे जांभळे. पंचनाम्यात लिहिलंय, बसलेल्या अवस्थेत, गळ्याशी कापड, कापड खुंटीला. बसल्या बसल्या फास लागतो. स्वतः घेतला की कुणी दिला, ते पोलीस बघतील. प्राथमिक मत लिहायला घेतो."

तो चुकीचं काही सांगत नव्हता, हीच पंचाईत होती. माणूस मेल्यावर रक्त वाहायचं थांबतं आणि पाणी जसं उताराला जातं तसं खाली जाऊन साखळतं. लटकलेल्या माणसाच्या हातापायांत ते असंच उतरतं. पण मेल्यावर लगेच बसवलेल्या माणसातही ते तसंच उतरणार, दुसरीकडे जाईल कुठं? कापडाचा वळही तसाच. जिवंत गळ्याभोवती आवळा नाहीतर मेलेल्या गळ्याला तासन्‌तास टेकू द्या, वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

मला माझे वडील आठवले. उदगीरला आमची अडत होती. वडील गेले तेव्हा मी वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला होते. मला रडायलाही सवड मिळाली नव्हती, कारण घरात एकच गलका चालला होता : बसवा, बसवा, आखडायच्या आत बसवा. शरीर एकदा ताठ झालं की मांडी घालता येत नाही, म्हणून आमच्याकडे पहिली धावपळ असते ती त्याची. काकांनी वडिलांच्या कपाळावरून उपरणं घेऊन खिडकीच्या गजाला बांधलं होतं, मान पडू नये म्हणून. कपाळावरून. हे म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं. एकट्या सुनेला माहीत असेलच असं नाही.

"ती बाई फासानं मेली नसेल तर?" मी त्याला विचारलं.

"तर मग हे सगळं योगायोगानं जुळलंय म्हणायचं."

"योगायोगानं नाही रे बाळा, रिवाजानं."

तेवढ्यात लोह्याच्या पोलीस ठाण्यातून साहेबांचा फोन आला. माणूस सरळ होता, पण त्याच्या दारात गर्दी जमली होती. "मॅडम, लई नको, एक ओळ द्या फक्त. गळफास हाय का न्हाई. भाऊ माणसं घेऊन बसलाय हितं. तुमची ओळ आली की दुपारपर्यंत सुनेला आत घेतो आन्‌ मोकळा होतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक ओळ! त्या ओळीवर एक तरणी बाई खुनाच्या गुन्ह्यात आत जाणार होती. पुढं कधी काळी कोर्टात ती सुटली असती तरी लोह्यात कोण तिला सोडणार होतं? सासूला मारलेली सून म्हणूनच ती म्हातारी झाली असती. आणि आमच्या पडद्यावर त्या दिवशीचा रकाना मात्र हिरवा लागला असता.

"आज ओळ नाही," मी म्हणाले. "मयतही आज नाही."

पूर्वी 'मत राखून ठेवले' असं लिहून सुटता यायचं. आता तेही प्रलंबितांत धरतात, म्हणजे लालच. मी ते प्रकरण सहकाऱ्याच्या नावावरून माझ्या नावावर करून घेतलं. तो नको नको म्हणाला. मी म्हटलं, तुझी हिरवळ तुझ्यापाशी ठेव, माझ्याकडे सरपण झालेलंच आहे.

मग आम्ही कामाला लागलो. गळ्याचा संशय असला की गळा सगळ्यात शेवटी उघडायचा असतो. आधी डोकं, मग छाती, म्हणजे मानेतलं रक्त दोन्हीकडून निथळून जातं आणि मग एकेक पापुद्रा सोडवत आत जायचं. रक्त निथळू न देता घाईनं गळ्याला हात घातला तर आपल्याच सुरीनं फुटलेल्या शिरेचं रक्त स्नायूंत पसरतं आणि ते मारहाणीचं वाटतं. निथळायला वेळ लागतो. त्या वेळात दिसण्यासारखं काही घडत नाही. डॉक्टर नुसता उभा असतो आणि घड्याळ चालू असतं. मधेच वरच्या मजल्यावरून निरोप आला : वेळ उलटत चालली आहे, नातेवाईक तक्रार करतायत. मी निरोप आणणाऱ्याला म्हटलं, वर सांग, मॅडम रक्त निथळायची वाट बघून राहिल्यात, वरच्या साहेबांना यायचं असेल तर या म्हणावं. वरून कुणी आलं नाही.

गळा आतून स्वच्छ निघाला. वळाच्या खाली कातडी दबलेली, पण स्नायूंत रक्ताचा एक ठिपका नाही, कुठलं हाड मोडलेलं नाही. आणि हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी गुठळीनं पार बुजलेली. सहकाऱ्यानं ती वाहिनी चिमट्यानं उघडून पुन्हा बघितली. मग म्हणाला, "मी सरळ लिहून मोकळा झालो असतो."

मला मनातून कळलं होतं, पण माझ्या मनाला कोर्टात कोण विचारतं? भावाचा वकील म्हणाला असता, सून लिंगायत, डॉक्टरीणही लिंगायत, रिवाजाच्या नावाखाली घेतलं सांभाळून. म्हणून वळाच्या कातडीचा तुकडा आणि हृदय सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाठवलं. त्याला दिवस लागतात. आणि मला ती खुंटी बघायची होती. वळ जसा चढत गेला होता, तशी ती खुंटी त्या भिंतीवर आहे का, हे बघितल्याशिवाय मला मयत हातची सोडायची नव्हती. एकदा मातीत गेल्यावर ती पुन्हा उकरायची पाळी आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोह्याला गेले. सोबत ठाण्याचे साहेब आणि एक महिला पोलीस. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरनं मयताच्या घरी जाऊन बघावं असं पुस्तकात लिहिलेलं आहे, पण तक्त्यात त्यासाठी जागा नाही, म्हणून कुणी जात नाही.

घरात माणसं भिंतीकडेनं बसली होती. सून आतल्या खोलीत जमिनीकडे बघत होती. तिशीचीही नसेल. निलंग्याकडची, कर्नाटकाच्या हद्दीजवळची. मी तिला विचारलं, तू आत्यांना बसवलंस कसं, मला दाखव. तिनं पदर डोक्यावरून आणखी पुढं ओढला. आदल्या दिवसापासून तिला सगळ्यांनी तेच विचारलं होतं आणि प्रत्येक उत्तरानं ती जास्तच अडकत गेली होती.

"मी उदगीरची," मी म्हणाले. "आमच्यातबी बसवतात. माझ्या वडलांना बसवलं तवा मी हुते तिथं."

तिनं पहिल्यांदा वर बघितलं.

"आखडायच्या आत बसवावं लागतं न्हवं, अक्का?" ती म्हणाली. "माझी अव्वा सांगायची. आखडलं की सांधे मोडावं लागतेत. आत्याबाईचे सांधे आधीच दुखायचे वो. घरात दुसरं कुणी न्हाई. मी येकलीनं वढत भिताडाशी नेलं. मान काय राहिना. डाव्या बाजूला पडून राहिली व्हती, लई वाईट दिसायली व्हती. मंग टावेल घेतला, हनुवटीखालनं, आन्‌ खुंटीला बांधला."

"हनुवटीखालून?"

"हाव. मला कुठं माहीत, कुठनं बांधतेत ते."

भिंतीला एक सागवानी पाट टेकवलेला होता, त्याच्या वर लाकडी खुंटी. मी पदर खोचला आणि त्या पाटावर मांडी घालून बसले. साहेब दचकले. "मॅडम, हे काय करून राहिले तुम्ही?"

"मयत झालेय," मी म्हणाले. "बांध गं. तसंच बांध."

ती दोन पावलं मागं सरली. पण तिनं टॉवेल आणला, माझ्या हनुवटीखालून घेतला आणि दोन्ही टोकं वर खुंटीला नेऊन गाठ मारली. मी डोळे मिटले आणि मान सैल सोडली. डोकं पुढं झुकलं, टॉवेल हनुवटीवरून घसरला आणि बरोबर गळ्याच्या वरच्या भागावर येऊन अडकला. कानांकडे चढत गेलेला, जसा वळ होता तसाच. श्वास जरा अडला. त्याच क्षणी तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि ओरडली, "अक्का, सोडते, सोडते, डोळे उघडा वो!" गाठ सोडून ती माझ्यासमोर बसली आणि ढसाढसा रडली. दोन दिवसांत तिला रडायला कुणी दिलंच नव्हतं. रडली असती तर नाटकी म्हणाले असते आणि रडली नव्हती म्हणून कैदाशीण म्हणत होते.

मलाही रडू आलं. डॉक्टरांनी रडू नये म्हणतात, म्हणोत बापडे.

साहेबांनी खुंटीची उंची मोजून घेतली. बाहेर आल्यावर त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि भावाच्या घोळक्याकडे न बघता म्हणाले, "अटक करत न्हाई मॅडम. तुमचा कागद येईपत्तोर थांबतो."

त्याच दुपारी आम्ही मयत ताब्यात दिली. सकाळीच शीतपेटीतून काढून ठेवल्यामुळं तोवर अंगाचा ताठरपणा उतरला होता. घरच्यांना सगळ्यात मोठी भीती होती ती ही, की कापाकापी झालेलं शरीर आता बसणार नाही आणि बाईला आडवं पुरावं लागेल. मी स्वतः टाके बघितले आणि मुलाला सांगितलं, बसतील, सावकाश बसवा. त्यांना बसवूनच समाधी दिली.

त्या महिन्याच्या बैठकीला माझा रकाना दोन्हीकडे लाल होता, देहाचाही आणि अहवालाचाही. वरिष्ठ अधिकारी पडद्यावरून बोलत होते. माणूस सभ्य, आवाज कधी चढत नाही.

"आपला विभाग पुन्हा शेवटचा आहे, मॅडम. विलंबाचं कारण?"

संगणकात कारणांची निवड करावी लागते. वीज नव्हती, कर्मचारी नव्हता, पोलिसांचे कागद उशिरा आले, नातेवाईक उशिरा आले. मी म्हटलं, यातलं एकही नाही. वीज होती, माणसं होती, कागद होते. उशीर मी केला.

"म्हणजे?"

"म्हणजे काम केलं. वेळेत केलं असतं तर एक निरपराध बाई आत्ता तुरुंगात असती आणि तुम्ही माझं अभिनंदन केलं असतं."

ते म्हणाले, भावना समजतात, पण व्यवस्थेला शिस्त लागते. मी म्हटलं, लागते ना. मग एक रकाना आणखी काढा. दिलेलं मत पुढं टिकलं की नाही, तेही मोजा. त्यात मला शेवटचं बसवलंत तर मी स्वतःहून राजीनामा देईन. तोवर माझा रकाना लालच राहू द्या, मला तो रंग शोभतो. कुणीतरी खुदकन हसलं. आमच्या कोकणातल्या हिरवळीनं मान खाली घातली होती, पण हसणारा तोच होता असा माझा पक्का वहीम आहे.

मला लेखी खुलासा मागितला गेला.

सूक्ष्मदर्शकाचा अहवाल आला. वळ मेल्यानंतरचा होता, जिवंत कातडीत जी सूज आणि रक्त दिसतं त्यातलं काहीच त्यात नव्हतं. मृत्यू हृदयविकारानं. मी मत लिहिलं, सही केली आणि स्वतः ठाण्याच्या साहेबांच्या हातात दिलं. भावानं तक्रार मागं घेतली. माफी मागितली की नाही, ते मला ठाऊक नाही. बहुतेक नसेलच मागितली.

पुढं एक दिवस ती सून नवऱ्याबरोबर मला भेटायला आली. डब्यात शेंगाची पोळी होती. नवरा बाहेरच उभा राहिला, ती आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच म्हणाली, "अक्का, येक इचारू? आमच्या गल्लीत परवा येक म्हातारा गेला. समदे बसवायला धावले. मी दारातच थांबले. हात लावायचं धाडसच होईना. आता पुन्हा कवा हात लावावा का न्हाई मी?"

त्या प्रश्नानं मला जितकं लागलं तितकं बैठकीत कुणाच्याही बोलण्यानं लागलं नव्हतं. तुरुंगातून मी तिला वाचवलं होतं, पण आपल्या मेलेल्या माणसाला हात लावायची भीती तिच्या मनात बसली होती ती बसलीच होती. मी उठून माझी ओढणी तिच्या कपाळावरून घेतली, मागं खुर्चीला बांधली आणि म्हटलं, "असं बांधायचं. कपाळावरनं. मान कितीबी पडू दे, गळ्याला लागत न्हाई. पुढच्या येळी दारात थांबू नको. हात लाव."

तिनं ती ओढणी सोडली आणि माझ्या कपाळावरून घेऊन एकदा बांधून बघितली. नीट, घट्ट, या वेळी मागं न सरता.

खुलासा मी अजून दिलेला नाही आणि देणारही नाही. मीही एक दिवस जाणार आहे आणि मलाही कुणीतरी बसवायला लागेल. तेव्हा लोह्याहून ही बाई आली तर मला चालेल, आणि घाईघाईनं आली तर फारच बरं.